आजोबांच्या ट्रंकेतली तांबडी नोट आणि इतर प्रश्न

गेल्या अंकात कॅरिबियन बेटांच्या जुन्या नोटांवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना इथे उत्तरं देते आहे. ज्यांनी नोटांचे फोटो पाठवलेत त्यांना एक विनंती : दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. मागची बाजू पाहिल्याशिवाय मला काही सांगता येत नाही.

प्रश्न : ताई, आमचे आजोबा बोटीवर होते. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एक तांबडी नोट मिळाली. वर ‘ब्रिटिश कॅरिबियन टेरिटरीज, ईस्टर्न ग्रुप’ असं लिहिलंय, एक डॉलरची आहे, उजवीकडे राजाचं चित्र आणि डावीकडे खाली नकाशा. हा कोणता देश? नेटवर कुणी पाचशे रुपये सांगतो, कुणी पन्नास हजार. खरी किंमत काय समजायची?
— एक वाचक, दापोली

उत्तर : किमतीचं शेवटी बोलू. आधी नोट वाचू या. नोट नीट वाचली की किमतीचं अर्धं कोडं तिथेच सुटतं.

या नावाचा एक देश कधीच नव्हता. त्रिनिदाद-टोबॅगो, बार्बाडोस, ब्रिटिश गयाना म्हणजे आजचा गयाना, आणि लीवर्ड व विंडवर्ड हे दोन बेटसमूह : अँटिग्वा, सेंट किट्स, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट वगैरे. ब्रिटिशांच्या या सगळ्या वसाहतींनी 1950 साली करार करून एक सामाईक चलन मंडळ नेमलं आणि 1951 पासून त्याच्या नोटा बाजारात आल्या. नोट उलटी करून पाहा, मागे या वसाहतींची बोधचिन्हं दिसतील. जमेका यात नव्हता. तो पश्चिमेला दूर, आणि त्याचा कारभार पौंड-शिलिंगात चालायचा. ‘ईस्टर्न ग्रुप’ म्हणजे पूर्वेकडचा गट, तो यामुळे.

आता राजा. हे सहावे जॉर्ज. ते फेब्रुवारी 1952 मध्ये वारले आणि 1953 पासूनच्या नोटांवर राणी एलिझाबेथ आल्या. त्यामुळे राजाच्या नोटांवर दोनच तारखा सापडतात : 28 नोव्हेंबर 1950 किंवा 1 सप्टेंबर 1951. तुमच्या नोटेवर यांतली कोणती आहे ते पाहा. राणीच्या नोटा 1964 पर्यंत निघत राहिल्या, साहजिकच त्या जास्त मिळतात. राजाची नोट तुलनेने कमी दिसते. रंगांचंही सांगून ठेवते : एक डॉलर तांबडा, दोन निळा, पाच हिरवा, दहा तपकिरी, वीस जांभळा आणि शंभर काळा. ट्रंकेत आणखी कुठे जांभळी किंवा काळी नोट दडली असेल तर ती मात्र जपून काढा. खलाशाच्या हातात असली मोठी नोट सहसा यायची नाही, आणि आज संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात.

आजोबांच्या दृष्टीने ही नोट केवढ्याची होती? हा हिशेब करायला मला फार आवडतं. तिथले 4 डॉलर 80 सेंट म्हणजे एक पौंड, असा भाव बांधलेला होता. वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेन्सचा शिलिंग, म्हणजे एक डॉलर चार शिलिंग दोन पेन्सचा. आपला रुपया तेव्हा दीड शिलिंगाचा. भागाकार केला की डॉलरला साधारण पावणेतीन रुपये पडतात. पन्नासच्या दशकात बोटीवरच्या माणसाला पावणेतीन रुपये काही थोडेथोडके नव्हते. ती नोट तिथे खर्च न करता त्यांनी घरी आणली.

नोट खरी आहे का, हे घरीच तपासता येईल. माझं सगळं आयुष्य साताऱ्याच्या आमच्या छापखान्यात गेलं, तेव्हा छपाईवाल्याच्या नजरेने सांगते. स्वच्छ, कोरड्या बोटाचं टोक राजाच्या चित्रावरून आणि अंकांवरून अलगद फिरवा. अशा नोटांची मुख्य छपाई उठावाची असते : तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यात रेषा खोदायच्या, त्या खाचांत शाई भरायची आणि प्रचंड दाबाखाली ती कागदावर उचलायची. त्यामुळे शाईचा थर बोटाला लागतो. वापरून झिजलेल्या नोटेतही तो थोडाफार उरतोच. मग भिंग घ्या आणि राजाच्या कोटाच्या रेषा पाहा. खऱ्या नोटेत रेषा सलग जाते, बारीक होते, जाड होते. रंगीत झेरॉक्स किंवा ऑफसेटची नक्कल असेल तर रेषेच्या जागी ठिपके दिसतील. शेवटी क्रमांक. तो वेगळ्या दाबाने, नंबरिंगच्या चाकांनी छापलेला असतो. नोट तिरपी धरून मागून पाहिलीत तर आकड्यांचा किंचित दाब उमटलेला दिसेल. त्यानंतर नोट उजेडाकडे धरा आणि कागदातलं जलचिन्ह काय आहे ते मला लिहा.

आता किंमत. नेटवर दिसतो तो विकणाऱ्याने मागितलेला भाव. तो त्याच्या मनातला. लिलावात ज्या भावाला हातोडा पडला तो खरा, आणि मोठ्या लिलावगृहांचे जुने निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर कुणालाही पाहता येतात. शोधताना ‘पिक नंबर’ वापरा. अल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाने जगभरच्या नोटांना जे अनुक्रम लावले, तेच आज सगळे वापरतात. या गटातली राजाची एक डॉलरची नोट पिक 1, राणीची पिक 7. तुमच्याच तारखेच्या आणि तुमच्याच नोटेइतक्या वापरलेल्या नोटेला काय मिळालं ते पाहा. मधोमध घडी, कोपरे झिजलेले, टाचणीची भोकं असलेल्या नोटेची किंमत करकरीत नोटेच्या किमतीचा एक लहानसा तुकडा असते. त्यामुळे पन्नास हजार सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

आणि मला विचाराल तर विकूच नका. आजोबांची सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, घरात असेलच. बोटीचं नाव, चढल्या-उतरल्याच्या तारखा तीत असतात. 1951 नंतरची कोणती सफर त्या बाजूची होती ते शोधा आणि एका कागदावर लिहून नोटेसोबत ठेवा. पेन्सिलीने लिहा, आणि वेगळ्या कागदावर. नोटेवर एक अक्षरही नको.

प्रश्न : जुन्या नोटा मळलेल्या आहेत. खोडरबराने किंवा सौम्य साबणाने साफ केल्या, इस्त्री फिरवली आणि लॅमिनेट केल्या तर चालेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : यांतलं काहीही करू नका. साबणाच्या पावडरीतलं चमक आणणारं द्रव्य कागदात मुरतं. मग अतिनील (यूव्ही) प्रकाशाच्या दिव्याखाली नोट निळसर पांढरी चमकते आणि धुतल्याचं लगेच कळतं. त्या काळच्या चांगल्या नोटेचा कागद त्या दिव्याखाली मंद राहायला हवा. इस्त्रीने घडी जात नाही, उठावाची शाई मात्र चपटी होते. लॅमिनेशन तर कायमचं. ते काढताना नोटेचा पापुद्राही सोबत येतो.

पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट घ्या. मऊ, वास येणारं पीव्हीसीचं पाकीट नको, काही वर्षांत ते चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. नोटा आडव्या, कोरड्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून लांब. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या महिन्या-दीड महिन्याने बदलायच्या. जुनं स्टेपल असेल तर पिन नखाने ओढू नका, मागचे पाय सरळ करून हळूच काढा. आपल्याकडे बँकांनी गड्ड्यांना स्टेपल मारणं रिझर्व्ह बँकेने 2001 मध्ये बंद करायला लावलं, पण त्याआधीच्या गंजलेल्या भोकांना आता इलाज नाही. ती असू द्या.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे. क्रिकेटचा इतिहास वाचता वाचता वेस्ट इंडीजच्या नोटांची आवड लागली. खिशात फार पैसे नाहीत. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : तू क्रिकेटमधूनच सुरुवात कर. तुझ्याइतका चांगला नकाशा फार थोड्या नवशिक्यांकडे असतो.

हे बघ. 1953 च्या सुरुवातीला विजय हजारे यांचा संघ तिकडे गेला. कसोट्या पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाउन, पुन्हा पोर्ट ऑफ स्पेन, जॉर्जटाउन आणि शेवटी जमेकाचं किंग्स्टन. पहिल्या चारही कसोट्यांना आपल्या खेळाडूंच्या खिशात एकच डॉलर चालत होता, वरच्या पत्रातल्या तांबड्या नोटेचा. किंग्स्टनला उतरल्यावर मात्र पौंड-शिलिंग. आता 1971 घे. अजित वाडेकरांचा संघ. किंग्स्टनला सरदेसाईंनी 212 केले तेव्हा तिथे जमेकाचा स्वतःचा डॉलर सुरू होऊन दीड वर्षच झालं होतं, 8 सप्टेंबर 1969 पासून. पोर्ट ऑफ स्पेनला गावसकर पहिली कसोटी खेळले आणि आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं, तिथे त्रिनिदादच्या मध्यवर्ती बँकेच्या नोटा. जॉर्जटाउनला गयानाचा डॉलर. ब्रिजटाउनला ईस्ट कॅरिबियन करन्सी ऑथॉरिटीच्या, म्हणजे जुन्या चलन मंडळाच्या जागी आलेल्या संस्थेच्या नोटा, कारण बार्बाडोसचा स्वतःचा डॉलर 1973 मध्ये यायचा होता. अठरा वर्षांपूर्वी दोन चलनांत भागत होतं त्याच मैदानांवर आता चार चलनं लागत होती. मधल्या काळात ते देश स्वतंत्र झाले होते, आणि स्वतंत्र देशाला स्वतःची नोट हवीच असते. ही एवढी गोष्ट सांगणाऱ्या सहा-सात नोटा जमवल्यास तर तुझा संग्रह एखाद्या भारी किमतीच्या पण विस्कळीत संग्रहापेक्षा मला जास्त मोलाचा वाटेल.

त्यांतली ब्रिजटाउनची नोट सगळ्यात आधी घे. ऑथॉरिटीची 1965 ची एक डॉलरची नोटही तांबडीच आहे आणि वापरलेली परवडते. तिच्यावरची राणी ॲनिगोनी या इटालियन चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्रावरून घेतली आहे. पुढे 1983 मध्ये या ऑथॉरिटीच्या जागी ईस्टर्न कॅरिबियन सेंट्रल बँक आली, मुख्यालय सेंट किट्सला. तिच्या जुन्या कागदी नोटांवर क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर असतं : ए म्हणजे अँटिग्वा, डी डॉमिनिका, जी ग्रेनाडा, के सेंट किट्स, एल सेंट लुसिया, एम मॉन्सेरात, व्ही सेंट व्हिन्सेंट, यू अँग्विला. एकाच नमुन्याच्या नोटेत बेटं गोळा करता येतात. मॉन्सेरात आणि अँग्विला ही चिमुकली बेटं, त्यांची अक्षरं सावकाश मिळतील. घाई करू नकोस.

जमेकाची पन्नास सेंटची कागदी नोटही बघ, तिच्यावर मार्कस गार्वी आहेत. बहामाची तीन डॉलरची नोट दाखवलीस तर मित्र खोटी म्हणतील. ती अगदी खरी आहे. बहामाने 1966 मध्ये पौंड सोडून डॉलर घेतला तेव्हा सात शिलिंगांना एक डॉलर ठरला. तीन डॉलर म्हणजे एकवीस शिलिंग, पौंडापेक्षा फक्त एक शिलिंग जास्त. पौंडाची सवय असलेल्या माणसाच्या हातात पौंडाजवळचं काहीतरी राहावं म्हणून ही नोट. आणि साडेतीन शिलिंगाची अर्ध्या डॉलरची नोटही होतीच. गरज कशी नोटेत उतरते याचं याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

एक नोट मात्र तुझ्याकडे असायलाच हवी, जुनी नसली तरी : बार्बाडोसची पाच डॉलरची, सर फ्रँक वॉरेल यांची. मार्च 1962 मध्ये ब्रिजटाउनला बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला, कवटीवर शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कर्णधार वॉरेल पुढे आला. आपल्याकडून पॉली उम्रीगर, पुण्याचे चंदू बोर्डे आणि तुझ्याच नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी दिलं. वॉरेल पुढे पाचच वर्षांनी, 1967 मध्ये, रक्ताच्या कर्करोगाने गेले. अवघे 42 वर्षांचे होते. बंगालच्या क्रिकेट संघटनेतर्फे अजूनही त्यांच्या नावाने रक्तदान शिबिर होतं. ती नोट मी कुणाला दाखवते तेव्हा ही हकिगत सांगितल्याशिवाय पाकिटात परत ठेवत नाही.

विकत घेताना ‘स्पेसिमेन’ म्हणजे ‘नमुना’ या शब्दाला भुलू नकोस. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात जमेकासह काही देशांच्या नोटा खास संग्राहकांना विकण्यासाठी स्पेसिमेन शिक्का मारून काढल्या होत्या. त्यांच्या क्रमांकाआधी एक माल्टीज क्रॉस, म्हणजे चार सारख्या हातांचा क्रॉस असतो. त्या सुंदर आहेत, करकरीत असतात आणि भरपूर मिळतात. दुर्मीळ म्हणून कुणी चढा भाव सांगितला तर नमस्कार करून पुढे जा. आणि मुंबईला गेलास की फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय पाहून ये. तिथे भारतीय नाणी-नोटा आहेत, पण नोट कशी पाहायची याची नजर तिथे तयार होते.

प्रश्न : समाजमाध्यमावर एकजण क्युबाची एक पेसोची नोट विकतो आहे, चे गव्हेराची सही असलेली. ‘जगात मोजक्याच आहेत’ म्हणतो. घ्यावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नोट खरी असू शकते. ‘मोजक्याच’ हे मात्र खरं नाही.

चे गव्हेरा नोव्हेंबर 1959 मध्ये क्युबाच्या राष्ट्रीय बँकेचे अध्यक्ष झाले आणि नोटांवर त्यांनी पूर्ण नावाऐवजी नुसतं ‘चे’ अशी सही केली. ती सही छापलेली आहे, हाताने केलेली नाही. विकणारा ‘प्रत्यक्ष सही’ म्हणत असेल तर तिथेच थांबा. एक पेसोच्या नोटेवर चित्र होसे मार्ती यांचं, आणि वर्ष 1960.

या नोटा एवढ्या का उरल्या, तर ऑगस्ट 1961 मध्ये एका शनिवार-रविवारी कॅस्ट्रो सरकारने अचानक सगळ्या जुन्या नोटा रद्द करून बदलून घ्यायला लावल्या. देशाबाहेर गेलेल्या लोकांकडचे पेसो एका रात्रीत कागद झाले. ते कागद मायामीपासून माद्रिदपर्यंत कपाटांत पडून राहिले आणि आज संग्राहकांकडे येतात. बदल्यात दिलेल्या, चेकोस्लोव्हाकियात छापलेल्या 1961 च्या नोटांवरही चे यांचीच सही आहे. 1961 च्या एक पेसोच्या मागे कॅस्ट्रो आणि बंडखोर सैनिक हवानात शिरतानाचं दृश्य आहे. मला विचाराल तर ही नोट 1960 च्या नोटेपेक्षा जास्त बोलते, दोन्ही शेजारी शेजारी ठेवाव्यात.

तीन पेसोची तांबडी, चे यांचं मोठं चित्र असलेली नोट वेगळी. ती 1980 च्या दशकापासूनची. पर्यटक ती आठवण म्हणून घेऊन येतात. तिला भाव देऊ नका. एखादा मित्र हवानाला गेला तर आणायला सांगा.

प्रश्न : इथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात रॉयल बँक ऑफ कॅनडाची 1920 ची नोट पाहिली. 5 डॉलरची आहे, पण त्यावर 1 पौंड 0 शिलिंग 10 पेन्स असंही छापलंय. चुकीची छपाई म्हणून दुकानदार जास्त पैसे मागतो आहे.
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : छपाई बरोबर आहे. दापोलीच्या उत्तरातला हिशेब पाहा : डॉलर चार शिलिंग दोन पेन्सचा. त्याची पाचपट केली की वीस शिलिंग दहा पेन्स. वीस शिलिंगांचा एक पौंड, वर दहा पेन्स. त्या बेटांवर हिशेबाच्या वह्या कुठे डॉलरात असत, कुठे पौंडात, म्हणून बँकेने नोटेवरच दोन्ही आकडे देऊन टाकले. चुकीच्या छपाईचा जादा पैसा देऊ नका.

नोट मात्र घेण्यासारखी आहे. सरकारी चलन मंडळं येण्याआधी आणि नंतरही काही काळ या बेटांवर खासगी बँकांच्या नोटा चालत, आणि त्यांत कॅनडाच्या बँका ठळक होत्या. साखर आणि रम वर कॅनडाला जाई, खारवलेले मासे, पीठ आणि लाकूड खाली बेटांवर येई. व्यापाराच्या मागोमाग बँका गेल्या. बँक ऑफ नोव्हा स्कोशियाने किंग्स्टनला शाखा उघडली ती 1889 मध्ये, तुमच्या टोरांटोत उघडण्याच्याही आधी.

आता दुकानात परत जा आणि नोटेवर कोणत्या बेटाचं नाव छापलंय ते पाहा. पत्रात ते नाही, आणि किंमत ठरते ती तिथेच. रॉयल बँकेने त्रिनिदाद, बार्बाडोस, जमेका, ब्रिटिश गयाना अशा मोठ्या ठिकाणांसाठी नोटा काढल्या, तशाच अँटिग्वा, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट किट्स, सेंट लुसिया यांच्यासाठीही. छोट्या बेटावर नोटा थोड्या गेल्या आणि दमट हवेत त्यांतल्या थोड्याच टिकल्या. त्रिनिदाद असेल तर भाव पाडून मागा. डॉमिनिका किंवा सेंट लुसिया असेल तर नोट दुकानदाराकडे राखून ठेवायला सांगा आणि दोन्ही बाजूंचे फोटो मला लगेच पाठवा.